गेल्या रविवारच्या ठरावाविषयी, पुस्तक वाचलेल्या एकाकडून

प्रति,
रविवारी संध्याकाळी एकत्र बसून 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' पाहणारी फोंड्याची मंडळी, आणि गोव्यात इतरत्र अशाच बैठका भरवणारे सर्व रसिक यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण हात वर करून जो ठराव संमत केला, त्याविषयी हे पत्र आहे. 'ज्यांनी मूळ पुस्तके वाचली आहेत त्यांनी भाग संपल्यानंतरच्या चर्चेत बोलू नये', असा तो ठराव. बाजूने ११ हात वर झाले, विरोधात ३, आणि त्या तिनांतला एक माझा होता. बहुमत मला मान्य आहे. त्याच रात्री आपल्यापैकी एखाद्याला फोन करून मी मनातले बोलून मोकळा झालो असतो. परंतु मडगाव आणि म्हापशाकडच्या परिचितांकडे चौकशी केली तेव्हा त्यांच्याकडेही हाच वाद याच शब्दांत होतो असे समजले, म्हणून पत्र उघडे लिहीत आहे. पत्रात 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठही पर्वांतले आणि तिची पूर्वकथा सांगणाऱ्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'च्या पहिल्या दोन पर्वांतले प्रसंग येतील, त्यापुढचे अक्षरही येणार नाही. ज्यांनी तेवढेही पाहिलेले नाही त्यांनी येथेच थांबावे. मी मुळीच रागावणार नाही.

जे त्या दिवशी नव्हते त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. यजमानांच्या राजांगणात भिंतीवर चादर ताणलेली होती, दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग नुकताच संपला होता आणि बशांतली मिरची भजी गार झाली होती, कारण शेवटची पाच मिनिटे कोणाचाही हात बशीकडे गेला नव्हता. दोन मारेकरी रात्री राजवाड्यात शिरतात, राणी हेलेनाच्या गळ्याशी सुरी धरतात आणि झोपलेल्या जुळ्यांपैकी मुलगा कोणता असे विचारतात. ती बोट दाखवते. खून पडद्यावर दिसत नाही, केवळ आवाज येतो, आणि ती मुलीला उचलून तिथून निघून जाते. दिवे लागल्यावर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारले, "पण तिने खोटे का नाही सांगितले?" त्या संध्याकाळी विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न हाच होता. मी म्हणालो, "पुस्तकात तिला तीन मुले आहेत…" आणि माझे वाक्य पुरे होण्याआधीच मागून आवाज आला, "काका, पुस्तक नाका हां!" मंडळी हसली, मीही हसलो, आणि पाचच मिनिटांत ठराव मांडला गेला.

त्या मुलीला उत्तर मिळाले नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

उत्तर असे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'फायर अँड ब्लड' या मूळ पुस्तकात हेलेनाला जेहेरिस आणि जेहेरा ही जुळी आणि त्यांच्या पाठचा मेलॉर अशी तीन मुले आहेत. मारेकरी तिला दोन मुलग्यांपैकी एक निवडायला लावतात. ती धाकट्याचे नाव घेते, बहुधा त्याला काही कळण्याचे वय नाही म्हणून. आणि ते थोरल्याला मारतात. ज्याचे नाव आईने मरणासाठी घेतले ते मूल जिवंत राहते आणि रोज तिच्या डोळ्यांसमोर असते. मालिकेत मेलॉर नाही, त्यामुळे निवडही नाही, उरते ती फक्त ओळख पटवणे. "खोटे का नाही सांगितले" हा प्रश्न त्या मुलीला पडला तो याच जागी, जिथे कथेतून एक मूल काढून घेतले आहे. पुस्तक न वाचता तिचे बोट अचूक शिवणीवर पडले होते, आणि शिवण कुठे आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला आपण बोलू दिले नाही. या वगळण्याबद्दल मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या ब्लॉगवर नाराजी लिहिली आणि थोड्याच वेळात तो लेख तिथून काढलाही गेला. आपला ठराव काटेकोर लावायचा तर खुद्द मार्टिन फोंड्याला आले असते तरी त्यांना भजी खाऊन मुकाट्याने परतावे लागले असते.

मेलॉर नसल्यामुळे पुढे कशाकशावर परिणाम होतो ते मी येथे लिहीत नाही, कारण तो भाग अजून पडद्यावर यायचा आहे. उघड करणे आणि उलगडून सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या ठरावाने पहिलीच्या भीतीने दुसरीही बंद केली, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे.

ही भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही, कारण ती निर्माण करण्यात माझाही हात आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात कोवळा राजपुत्र लुसेरिस पावसात स्टॉर्म्स एंडच्या किल्ल्यावर उतरतो आणि तिथे व्हेगार नावाची ती अवाढव्य ड्रॅगन आधीच येऊन बसलेली त्याला दिसते, तेव्हा माझ्या तोंडून नुसते "अरेरे" निघाले होते. मी काहीच सांगितले नव्हते, आणि सगळे सांगून टाकले होते. समोरच्या रांगेतून एका ताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिले ती नजर अजून विसरलेलो नाही. आम्हा पुस्तकवाल्यांचे असे अनेक प्रकार असतात. कोणी मोठ्या प्रसंगाआधी खुर्चीत सरसावून बसतो, कोणी "आता नीट बघा" म्हणतो. कोणी गालातल्या गालात हसतो, आणि हा सर्वांत वाईट. त्यात माझा व्यवसाय मुद्रितशोधकाचा. तीस वर्षे वर्तमानपत्राची पाने तपासताना नजरेला अशी खोड लागली आहे की मजकूर काय म्हणतो यापेक्षा मूळ प्रतीत आणि यात फरक कुठे आहे तेच आधी दिसते. "पुस्तकात असे नव्हते" हे वाक्य मी या बैठकांत किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब कोणी ठेवला नसेल अशी आशा आहे. ते वाक्य म्हणजे चर्चा नव्हे. ती हजेरी आहे, आपण वाचले आहे याची.

तरीही वाचकांचा पूर्वेतिहास आपण समजता तितका वाईट नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या नेड स्टार्कचे मस्तक उडते तो प्रसंग १९९६ साली छापला गेला आणि पडद्यावर आला २०११ साली, पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात. ज्या लग्नात नेडचा मुलगा रॉब आणि त्याची आई मारली जातात ते लग्न २००० सालच्या तिसऱ्या पुस्तकात आहे आणि मालिकेत ते २ जून २०१३ रोजी दाखवले गेले. मधली तेरा वर्षे जगभरच्या असंख्य वाचकांना ते ठाऊक होते, आणि तरी न वाचलेल्या असंख्य प्रेक्षकांना त्या रात्री खराखुरा धक्का बसला. अनेक वाचकांनी तर शेजारी बसलेल्या न वाचलेल्यांचे चेहरे गुपचूप चित्रित करून ठेवले होते. हे थोडे क्रूर होते हे कबूल. पण तोंड उघडले असते तर चित्रित करायला उरले काय असते?

त्या लग्नाचेच उदाहरण पुढे नेतो, कारण उलगडून सांगणे म्हणजे काय ते त्यात चांगले दिसते. मालिकेतला रॉब तालिसाच्या प्रेमात पडतो आणि फ्रे घराण्यातल्या मुलीशी लग्न करण्याचा दिलेला शब्द मोडतो. पुस्तकात तालिसा नाहीच. तिथला रॉब सोळा वर्षांचा आहे, एका किल्ल्यावरच्या लढाईत जखमी झाला आहे, त्याची शुश्रूषा जेन वेस्टरलिंग नावाची त्या घरातली मुलगी करते, आणि धाकटे भाऊ मारले गेल्याची बातमी येते त्या रात्री तिच्या सांत्वनातून जे व्हायचे ते होते. दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी लग्न करतो, तिची अब्रू जाऊ नये म्हणून. म्हणजे नेड स्टार्कने मुलाला जे वळण लावले त्याच वळणाने मुलगा मृत्यूपर्यंत चालत जातो, जसा बाप गेला होता. मालिकेचा रॉब प्रेमाखातर मरतो आणि पुस्तकाचा रॉब संस्काराखातर. यातले कोणते अधिक चांगले हा वादाचा विषय आहे आणि तो वाद मला हवा आहे. मालिका पाहून झालेल्या माणसाला हे सांगितल्याने त्याचे काय हिरावले जाते ते मात्र मला अजून कोणी समजावून दिलेले नाही.

दुसरीही एक आठवण करून देतो. पाचवे पुस्तक २०११ साली आले, सहाव्याची वाट आम्ही आजही पाहत आहोत. मालिका थांबली नाही. २०१६ च्या सहाव्या पर्वापासून ती बहुतांशी पुस्तकांच्या पुढे निघून गेली. होडोर या पात्राच्या नावाचा उगम त्या वर्षीच्या मे महिन्यात आम्हा वाचकांनाही पडद्यावरच कळला. ही कल्पना मार्टिन यांचीच, त्यांनी ती बेनिऑफ आणि वाइस या मालिकाकारांना सांगितली होती. पंधरा-वीस वर्षे लेखकाच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहत असलेली गोष्ट आम्हाला दुसऱ्याच्या तोंडून, दार अडवून धरलेल्या त्या बिचाऱ्याच्या मरणासह, ऐकावी लागली. तेव्हा आम्ही प्रेक्षकांना गप्प बसवण्याचा ठराव केला नव्हता. (केला असता तर मंजूर झाला नसता, ही गोष्ट वेगळी.)

'हाऊस ऑफ द ड्रॅगन'च्या बाबतीत तर आमचे मौन आणखीच गैरसोयीचे आहे, आणि याचे कारण मराठी वाचकाला सांगण्याची फारशी गरज पडू नये. 'फायर अँड ब्लड' ही कादंबरीच्या रूढ अर्थाने कादंबरी नाही. ती बखर आहे. गिल्डेन नावाचा पंडित घटना होऊन गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ती लिहितो, आणि त्याच्यापुढची साधने एकमेकांशी भांडत असतात. सेप्टन युस्टेस हा धर्मगुरू सगळे सोवळ्यात गुंडाळून सांगतो आणि हिरव्या पक्षाची, म्हणजे हेलेनाच्या नवऱ्याच्या गटाची, बाजू घेतो. मशरूम हा दरबारी विदूषक प्रत्येक दाराच्या फटीला डोळा लावून बसल्यासारखा चावट तपशील पुरवतो. ग्रँड मेस्टर मंकन अधिकृत इतिहास लिहितो, पण तो ज्याच्या कबुलीवर विसंबतो त्याला स्वतःची कातडी वाचवायची असते. गिल्डेन म्हणतो, यातले खरे कोणते ते आता कोण सांगणार. भाऊसाहेबांची बखर हातात घेऊन पानिपतचा दिवस समजून घ्यायला बसलेल्या कोणालाही ही अवस्था परिचित आहे.

म्हणून या मालिकेपुरते "पुस्तकात असे नव्हते" हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे, कारण पुस्तकात नेमके कसे होते ते पुस्तकालाच ठाऊक नाही. पण त्यातूनच चर्चेची खरी मौज सुरू होते. राजकन्या रेनिराचा नवरा लेनॉर व्हेलारियन याचे पाहा. बखरीत तो मारला जातो. मालिकेत शेकोटीत जळालेले एक प्रेत सापडते, आईबाप ते आपल्या मुलाचे समजून आक्रोश करतात, आणि शेवटच्या दृश्यात डोके भादरलेला लेनॉर होडीत बसून निघून जाताना दिसतो. मी प्रथम पाहिले तेव्हा सवयीप्रमाणे चरफडलो. नंतर लक्षात आले की इथे मालिकेने बखर खोटी पाडलेली नाही. बखरकाराची फसगत कशी झाली ते दाखवले आहे. प्रेत सापडले, लोकांनी शोक केला, बातमी पसरली आणि पंडिताने ती लिहून ठेवली. लिहिलेल्या इतिहासाच्या मागे कॅमेरा नेऊन ठेवण्याची ही युक्ती मला 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या उत्तरार्धातल्या कितीतरी दिमाखदार लढायांपेक्षा श्रेष्ठ वाटते. पण ती युक्ती आहे हे कळण्यासाठी बखरीत काय लिहिले आहे ते बैठकीत कोणीतरी सांगावे लागते, आणि आपल्या ठरावानंतर ते सांगणार कोण?

मी पुस्तकाची तळी उचलतो, मालिकेने मूळापासून ढळू नये असा माझा हट्ट आहे, असा समज झाला असल्यास तोही दूर करतो. २० मे २०१९ ची सकाळ मला स्पष्ट आठवते. आदल्या दिवशी पणजीच्या पोटनिवडणुकीचे मतदान झाले होते, पाने उशिरा सुटली होती, आणि पहाटे दोनला घरी पोहोचलेला मी साडेसहाला गजर लावून उठलो होतो, कारण अमेरिकेतल्या रविवार रात्रीचा तो शेवटचा भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी त्या वेळी येत असे. लोखंडी सिंहासन वितळत असताना दारात पोदेराचा भोंपू वाजला आणि मी पाव घ्यायला उठलो. ज्या मालिकेसाठी आठ वर्षे दिली तिचे सिंहासन वितळताना मला पाव घ्यायला उठावेसे वाटले, यात तिच्या शेवटाचे जे परीक्षण आहे त्यात मी आजही फारशी भर घालू शकत नाही.

त्या पर्वाविरुद्ध दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. पण त्यांना छळणारी गोष्ट 'पुस्तकापासून ढळली' ही असू शकत नव्हती, कारण ढळायला पुढे पुस्तकच नव्हते. खोट कारणांत होती. पहिल्या पर्वात राजाचा लवाजमा राजधानीहून विंटरफेलला पोहोचायला महिना लागतो, आणि त्या एका महिन्यात किती माणसे आपल्याला कळतात! सातव्या पर्वात मात्र गोठलेल्या तळ्यात अडकलेल्या टोळीतून एक जण धावत किल्ल्यावर जातो, तिथून कावळा ड्रॅगनस्टोनला उडतो, तिथून राणी ड्रॅगनवर बसून येते, आणि तोवर तळ्यातली माणसे तिथेच उभी. पेडण्याहून काणकोणला बसने गेलेल्या माणसालाही अंतर म्हणजे काय ते कळते. शरणागतीच्या घंटा वाजत असताना तीच राणी, डेनेरिस, शहर जाळते, त्याचेही तेच. ती तसे करील यावर माझा विश्वास बसू शकला असता. पण शेवटच्या दोन पर्वांच्या मिळून १३ भागांत तिला तिथवर चालत नेण्याइतकी वाटच ठेवली नव्हती. न वाचलेल्यांनाही ही खोट जाणवली, वाचलेल्यांनाही जाणवली, आणि माझ्या आठवणीप्रमाणे त्या महिन्यात आपण सर्वांनी मिळून जितकी चांगली चर्चा केली तितकी नंतर केलेली नाही. तेव्हा कोणी कोणाला गप्प बसवले नव्हते.

आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात मी सलग नऊ वर्षे प्रॉम्प्टर होतो. कीचकाचा वध होणार हे खाज्यांच्या दुकानापाशी झोपी गेलेल्या पोरालाही माहीत असे, तरी नृत्यशाळेच्या अंधारात भीम पांघरूण घेऊन पडला की मंडपात चिडीचूप होई. आधी ठाऊक असल्याने रस जातो हा समज निदान गोव्यात तरी कोणी बाळगू नये, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरतो, कारण पुराणातली कथा सर्वांनाच ठाऊक असते आणि इथे काहींनाच ठाऊक असते, आणि पहिल्यांदा दचकण्याचा हक्क माणसाला एकदाच मिळतो. तो नव्या प्रेक्षकाकडून काढून घेण्याचा मला अधिकार नाही. विंगेत हातभर कंदिलाच्या उजेडात वही धरून बसलेल्या प्रॉम्प्टरला सगळे नाटक पाठ असते आणि मंडपाला त्याचा आवाज ऐकू जाता कामा नये, ही शिस्त मला त्या नऊ वर्षांत लागली होती. राजांगणात येताना ती मी घरी ठेवून आलो, ही माझी चूक.

तेव्हा ठराव रद्द करावा असे न म्हणता तो बदलावा अशी विनंती करतो. भाग चालू असताना वाचलेल्यांनी शब्दच काय, उसासाही काढू नये. "अरेरे" म्हणणाऱ्याने पुढच्या रविवारची पातळभाजी आणि पाव आणावेत, आणि पहिला दंड मागील गुन्ह्याबद्दल मी स्वतः भरतो. भाग संपल्यावर पहिली वीस मिनिटे फक्त न वाचलेल्यांची असावीत, कारण आमच्या माहितीखाली दबण्याआधी त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत बाहेर येणे आम्हालाही हवे आहे. त्यानंतर आम्हाला बोलू द्यावे, मात्र जे पडद्यावर येऊन गेले आहे किंवा मालिकेने कायमचे सोडून दिले आहे तेवढ्याचबद्दल. आणि पुढचा धागा त्यात गुंतलेला असेल तर तिथे तोंड मिटावे. शिवाय "पुस्तकात असे नव्हते" एवढे म्हणून कोणाला खाली बसू देऊ नये. बदलाने काय साधले किंवा काय निसटले ते त्याने सांगितलेच पाहिजे, आणि सांगता येत नसेल तर तो फरक आपल्यापाशीच ठेवावा. एखादी गोष्ट पुढे येणार आहे की सोडून दिली आहे याची शंका असेल तर तिथे उपस्थित असलेल्या दुसऱ्या वाचलेल्याला कानात विचारावे. आम्ही तिघे आहोत, तेवढे सहज जमेल.

येत्या रविवारी मी येणार आहे. बदल मान्य झाला नाही तर मागच्या खुर्चीवर मुकाट्याने बसेन, दंडाची पातळभाजी मात्र आणीनच. त्या विद्यार्थिनीने हे पत्र येथवर वाचले असल्यास तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिला मिळाले आहे. उरलेले अर्धे, म्हणजे मालिकेतली हेलेना खरे सांगते ते भयाने सांगते की होणार ते तिला आधीच दिसले आहे म्हणून, हे पुस्तकात नाही. त्यावर माझ्याइतकाच तिलाही बोलण्याचा अधिकार आहे, आणि तिचे मत ऐकण्याची मला उत्सुकता आहे.

आपला,
मागच्या रांगेतला मुद्रितशोधक,
फोंडा, गोवा